पाणी चढतं की पाणी चढतंय? इंग्रजीत ‘इज’ कधी लावायचं

प्रश्न : नमस्कार सर, मी सांगलीला मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात ऑफिसचं काम बघते. तमिळनाडू, केरळच्या पार्ट्यांचे फोन येतात, तिथं हिंदी चालत नाही. शाळेतली प्रेझेंट टेन्सची चारही सूत्रं अजून तोंडपाठ आहेत पण बोलायला लागलं की वाक्यात ‘एम’ नाहीतर ‘इज’ घुसतंच. परवा ‘आय एम नॉट नोइंग’ म्हटलं तर मालकांचा मुलगा म्हणाला चुकलं, का ते त्यालाही सांगता येईना. – एक वाचक, विश्रामबाग

उत्तर : ताई, सूत्रं तुमची बरोबरच आहेत, घोळ ‘आहे’चा आहे. ‘माहीत आहे’ मधलं ‘आहे’ तुम्ही उचलून ‘एम’ करताय. पण नो, लाइक, वॉन्ट, अंडरस्टँड ही क्रियापदं सहसा आयएनजी घेत नाहीत, कारण तिथं काही काम चालू नसतं, ती मनाची स्थिती असते. म्हणून ‘आय डोन्ट नो’, बास.

आता सूत्रं बाजूला ठेवा आणि कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी चला, पावसाळ्यात अख्खी सांगली तिथलीच पातळी विचारत असते. पावसाळ्यात पाणी चढतं, हे दरवर्षीचंच, म्हणून ‘द वॉटर राइझेस इन द मान्सून’. पुलावर उभं राहून फोनवर सांगताय की चढतंय, तर ‘द वॉटर इज रायझिंग’. चाळीस फुटांवर, म्हणजे इशारा पातळीला पोचलंय, तर ‘इट हॅज रीच्ड फॉर्टी फीट’. आणि सकाळपासून चढतंय म्हणायचं असेल तर ‘इट हॅज बीन रायझिंग सिन्स मॉर्निंग’. बघा, ‘चढतंय’ आपण दोन्हीकडं तेच म्हणतो, पण ‘सकाळपासून’ आलं की इंग्रजीत नुसतं ‘इज’ पुरत नाही, ‘हॅज बीन’ लागतं. सगळ्यात जास्त लोक इथंच अडकतात, चांगले शिकलेले सुद्धा.

त्यात आपलं ‘पासून’ दोन्हीकडं चालतं, सकाळपासून आणि दोन दिवसांपासून. इंग्रजीत सुरुवातीची वेळ सांगितली तर सिन्स, किती वेळ ते मोजून सांगितलं तर फॉर. ‘सिन्स टू डेज’ नाही, ‘फॉर टू डेज’.

ही, शी, इट किंवा एकच माणूस, एकच वस्तू असेल तर साध्या वर्तमानात क्रियापदाला एस लागतो, ‘द रेट चेंजेस डेली’. प्रश्न किंवा नकार आला की तो एस ‘डज’मध्ये जातो आणि क्रियापद मूळ रूपात येतं, ‘डज द रेट चेंज?’, ‘इट डजन्ट चेंज’. ‘डज चेंजेस’ हे मी खूप ऐकतो, दोनदा एस लावायचा नाही.

तुमच्या फोनसाठी आजच ही तीन वाक्यं मोठ्यानं म्हणून बघा. ‘वी सेल टर्मरिक’, हा आपला धंदाच आहे. ‘वी आर लोडिंग द ट्रक’, हमाल आत्ता पोती भरतायत. ‘वी हॅव लोडेड द ट्रक’, भरून झालाय, पार्टीनं काळजी करायचं कारण नाही. फक्त ‘काल भरला’ म्हणायचं असेल तर तिथं हॅव लावू नका, वेळ सांगितली की साधा भूतकाळ येतो, ‘वी लोडेड इट येस्टरडे’.