तेलाचा काटा वर यायला उशीर का होतो?

प्रश्न : मी नोकरीनिमित्त इंग्लंडमध्ये रेडिंग येथे राहतो. दोन वर्षांपूर्वी मी १९७२ची एमजीबी रोडस्टर ही उघड्या टपाची जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार घेतली. या वसंतात तेल आणि ऑइल फिल्टर बदलल्यापासून सकाळी गाडी सुरू केली की तेलाच्या दाबाचा काटा आठ-दहा सेकंद शून्यावरच राहतो, तेवढा वेळ इंजिनात खडखड होते, आणि मग काटा एकदम ६० पौंडांवर जातो. इंजिन गरम झाल्यावर आयडलला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन नुसते चालू असताना, तो १५वर उतरतो. फिल्टरच्या कडेने तेलही पाझरते. एका गॅरेजने बेअरिंग गेली असे सांगून इंजिन उघडण्याचा सल्ला दिला आहे. काय करावे?

उत्तर : आपल्या पत्रात तीन वेगवेगळ्या तक्रारी आहेत आणि गॅरेजने त्या तिन्हींचे एकच दुखणे मानले आहे, असे मला वाटते. इंजिन उघडण्याची घाई करू नका.

आयडलच्या १५ पौंडांची काळजी सोडून द्या. कारखान्याच्या पुस्तिकेप्रमाणे या गाडीत धावताना दर चौरस इंचाला ५० ते ८० पौंड आणि आयडलला १० ते २५ पौंड दाब अपेक्षित आहे. गरम तेल पातळ होते आणि आयडलला पंपही संथ फिरतो, त्यामुळे काटा खाली येणारच. पन्नास वर्षे वापरलेल्या इंजिनात १५ हा आकडा मला समाधानकारक वाटतो.

सकाळच्या उशिराचे कारण मात्र नीट समजून घेण्यासारखे आहे. १९६२ ते १९८० या काळात अ‍ॅबिंग्डन येथे बनलेल्या एमजीबीत फिल्टरची मांडणी सर्व वर्षी सारखी नव्हती. आपल्या १९७२च्या गाडीत तो इंजिनाच्या उजव्या बाजूला, तोंड खाली आणि बूड वर असा उलटा बसतो. गाडी रात्रभर उभी राहिली की अशा फिल्टरमधले तेल स्वतःच्या वजनाने खाली उतरते, आणि सकाळी पंपाला आधी रिकामा डबा भरावा लागतो, त्यानंतरच तेल बेअरिंगपर्यंत पोचते. हे टाळण्यासाठी चांगल्या फिल्टरच्या तोंडाशी तेल परत जाऊ न देणारा रबरी पडदा असतो. काही स्वस्त फिल्टरांत तो नसतो, काहींत तो इतका कडक असतो की छिद्रांवर टेकतच नाही. तक्रार फिल्टर बदलल्यापासूनच सुरू झाली, हे आपण स्वतःच लिहिले आहे, आणि माझ्या दृष्टीने सगळ्या पत्रातले सर्वांत मोलाचे वाक्य तेच आहे.

खात्री करून घेणे सोपे आहे. गरम इंजिन बंद करून तासाभराने पुन्हा सुरू करा. तेव्हा काटा लगेच उठला आणि रात्रीनंतरच रेंगाळला, तर फिल्टर रिकामा होतो आहे हे निश्चित समजावे. दुसऱ्या दिवशी सकाळी इग्निशन कॉइलची वायर काढून ठेवा, म्हणजे ठिणगी पडणार नाही, आणि काटा हलेपर्यंत थांबत थांबत सेल्फ मारा. मग वायर जोडून गाडी सुरू करा. या वेळी खडखड झाली नाही, तर आधीचा आवाज केवळ कोरडेपणाचा होता आणि बेअरिंगला दोष देण्याचे कारण उरत नाही. दाब ६०वर असतानाही, विशेषतः चढावर ओढताना, आत ठोके ऐकू आले, तरच गॅरेजचे म्हणणे खरे मानावे. तोवर रोज सकाळी हीच पद्धत ठेवा, कारण कोरडी बेअरिंग रोज दहा सेकंद फिरवली तर आज नसलेला दोष उद्या खरोखरच निर्माण होईल.

पाझरण्याचे कारण बहुधा जुनी रबरी रिंग हे असावे. फिल्टर काढताना त्याची रिंग पुष्कळदा खालच्या बैठकीलाच चिकटून राहते, काळ्या तेलात ती दिसत नाही, आणि नवा फिल्टर तिच्यावर बसवला की एकावर एक दोन रिंगा होतात. आज थेंब पडत असले तरी ६० पौंडांच्या दाबाखाली ती जोडी सरकली, तर काही मिनिटांत इंजिनातले तेल रस्त्यावर येते. म्हणून हे तपासल्याशिवाय गाडी बाहेर काढू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. बैठक फडक्याने पुसून, बॅटरीच्या उजेडात बोट फिरवून पाहावी. नव्या रिंगेला तेल लावावे, फिल्टर हातानेच घट्ट करावा, पाना लावू नये.

उलटा फिल्टर काढताना सगळीकडे तेल सांडते. त्यावर जुन्या लोकांची एक युक्ती आहे : टाकून द्यायच्या फिल्टरच्या वरच्या बुडाला आधी एक भोक पाडावे आणि पंधरा मिनिटे थांबावे, आत हवा शिरली की बरेचसे तेल इंजिनात परत उतरते. नवा फिल्टर उलटा बसत असल्यामुळे तो आधी भरून ठेवता येत नाही, म्हणून बसवल्यानंतरही वर सांगितल्याप्रमाणे ठिणगीविना सेल्फ मारून दाब आणावा. चांगला फिल्टर घालूनही उशीर राहिला, तर फिल्टर तोंड वर करून टांगता येईल असा बदली हेड, म्हणजे फिल्टरची बैठक, इंग्लंडमध्ये मिळतो.

बॉनेट उघडलेच आहे, तर इंजिनापासून तेलाच्या काट्याच्या नळीकडे जाणारा छोटा रबरी पाइपही वाकवून पाहा. त्यातून इंजिनाचे पूर्ण दाबाचे तेल जाते. त्यावर भेगा दिसल्या तर तो त्याच दिवशी बदलावा.

प्रश्न : माझ्याकडेही एमजीबीच आहे. पूर्वी धावताना ६० पौंड असायचे. गेल्या महिन्यात गॅरेजमध्ये तेल बदलल्यापासून ३०च्या वर काटा जात नाही. बिलावर ५डब्ल्यू-३० असे लिहिले आहे.

उत्तर : पहिला संशय त्या तेलावरच घ्यावा. आजच्या इंजिनांसाठी बनवलेले हे पातळ तेल बी-सीरीज इंजिनाच्या मोकळ्या फटींतून सहज निसटते; येथे २०डब्ल्यू-५० हे जाड तेल हवे. (महाराष्ट्रात ज्यांनी जुनी पेट्रोल अँबेसिडर सांभाळली आहे त्यांना हे इंजिन परके वाटणार नाही, कारण तिचे १४८९ सीसीचे इंजिन आणि एमजीबीचे १७९८ सीसीचे एकाच बी-सीरीज घराण्यातले आहेत.)

तेल बदलूनही काटा ३०वरच राहिला, तर दुसरा एखादा दाबमापक जोडून काटा खरे बोलतो आहे ना हे पाहा, आणि मग रिलीफ व्हॉल्व्हकडे, म्हणजे दाब फार वाढला की जादा तेल परत सोडणाऱ्या झडपेकडे, वळा. तो इंजिनाच्या डाव्या बाजूला मागच्या टोकाशी, घुमटाच्या आकाराच्या नटाखाली असतो. हात जायला जागा अडचणीची आहे, पण आत एक स्प्रिंग आणि एक पोकळ दट्ट्या एवढेच सापडेल. दट्ट्याखाली कचऱ्याचा कण अडकला की व्हॉल्व्ह मिटत नाही आणि तेल दाब न साठता परत चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या भांड्यात, जाते. दट्ट्या निघत नसेल तर त्याच्या पोकळीत लाकडी काडी घट्ट बसवून ओढावा. स्प्रिंग मोकळी असताना सुमारे ७६ मिलिमीटर लांब भरली पाहिजे. आखूड भरली तर नवी घालावी, वॉशर वाढवून तिला ताण देत बसू नये.

जुना फिल्टर टाकू नका. करवतीने त्याचा पत्रा कापून आतला कागद पांढऱ्या कापडावर उलगडा आणि उन्हात धरा. काळा गाळ निघाला तर तो नेहमीचाच. पण घड्यांमध्ये तांबूस, चमकणाऱ्या कपच्या दिसल्या, तर त्या बेअरिंगच्या आहेत. मग गाडी जागच्या जागी थांबवून चेंबर उतरवावे आणि क्रँकशाफ्टची बेअरिंग मोजून घ्यावीत.