संस्थेच्या रकान्यात काय लिहू?

प्रिय,

तुझा मेल वाचून आधी रागच आला. चार रविवार घालवून गधेगाळाचा, म्हणजे गाढवाची शापवाणी कोरलेल्या दानाच्या दगडाचा, कागदावर ठसा घेतलास, सोळांपैकी तेरा ओळी लावल्यास आणि अडलीस कुठे, तर नियतकालिकाला लेख पाठवायच्या अर्जातल्या संस्थेच्या रकान्यात! तिथे 'स्वतंत्र संशोधक' लिही, पुढे गावाचं नाव टाक. ऑर्किड (ORCID), म्हणजे संशोधकाचा ओळख क्रमांक, फुकट निघतो, कॉलेज कुठलं म्हणून अडवत नाहीत.

ते सर 'पहिलं नाव माझं घाल, लगेच छापून आणतो' म्हणाले. त्यांनी दगड पाहिलाय? नसेल तर आभारातही नाव नको. आणि 'दोन दिवसांत प्रकाशन, प्रमाणपत्रासह' असल्या जाहिराती मला पाठवू नकोस. यूजीसीची (विद्यापीठ अनुदान आयोगाची) केअर यादी, म्हणजे मान्य नियतकालिकांची यादी, २०२५ च्या फेब्रुवारीत बंद झाली. होती तेव्हाही ती बढतीचे गुण जमवणाऱ्यांच्या कामाची. तुला कुठे बढती हवीय? आणि दोन दिवसांत तुझं वाचन तपासणार कोण?

तू दगडाकडे परत जा.

माझं सांगतो, म्हणजे माझी कटकट कशासाठी ते कळेल. मी बँकेत होतो. सुट्टीच्या दिवशी हिंडून शिलाहार राजांच्या काळातला एक शिलालेख लावला. शक वाचला ११०९. संवत्सराचं, म्हणजे साठ वर्षांच्या चक्रातलं त्या वर्षाचं, नाव झिजलेलं, म्हणून कंसात 'अवाच्य' लिहून मोकळा झालो. त्यावरचा लेख एका नियतकालिकाकडे पाठवला. सात महिन्यांनी तपासनिसाचा अभिप्राय आला, दीड पान. त्यात एक ओळ होती: संवत्सराच्या जागी 'श्व' दिसतो का, पुन्हा पाहावे.

माझं डोकं फिरलं. बँकेतल्या कारकुनाला शिकवतात! खरं तर तपासनिसाला माझं नावसुद्धा दिसत नव्हतं, ते काढूनच लेख त्याच्याकडे जातो. हे मला ठाऊक होतं. तरी संपादकांना तीन पानी उत्तर खरडलं आणि लेख परत घेतला. दगड घरापासून दोन तासांवर होता. गेलो नाही.

नऊ वर्षांनी गेलो. रात्री, बॅटरी दगडाला जवळजवळ चिकटवून, उजेड आडवा पाडून. (दिवसा समोरून काढलेल्या फोटोवर विसंबू नकोस. अक्षरांत पीठ किंवा खडूही भरू नकोस; आपल्याला जे वाचायचं असतं तेच आपण भरतो.) 'श्व' होता. विश्वावसू. विश्वावसू म्हणजे शके ११०७. ११०९ ला प्लवंग येतो. माझा नऊ हा सात होता. तोवर दुसऱ्या कुणीतरी तो शिलालेख सहा पानांत छापला होता, अचूक.

आता म्हणशील, काका, बाहेरच्या माणसाला खरंच डावलतात की. डावलतात. एका चर्चासत्रात मला 'हौशी' म्हणून शेवटची दहा मिनिटं दिली होती, तीही चहाच्या वेळेत. ते मी विसरलेलो नाही. पण तो नऊ मीच वाचला होता.

आणि कृपा करून इतिहासाचार्य राजवाड्यांचा दाखला देऊ नकोस. १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड काढणाऱ्या माणसाला ना नोकरीची पर्वा होती ना संपादकाची. शिवाय तो कागद शोधत गावोगाव फिरायचा. पुन्हा तेच: गेला आणि पाहिलं.

तुझी अडतीस पानं वाचली. पहिली एकवीस शिलाहारांच्या वंशावळीची आहेत. काढून टाक. ती सगळ्यांना माहीत आहेत. आपल्यालाही माहीत आहे हे दाखवायला तू ती घातलीस. मीही घातली होती. शिलालेखाचं स्थान, मोजमाप, ठसा, वाचन, अर्थ आणि दान नेमकं कुणाला मिळालं यावरचं तुझं म्हणणं, एवढंच राहू दे. ते म्हणणं चांगलं आहे, मला सुचलं नसतं.

अकराव्या ओळीत तू 'वाटिका' वाचलंस. फोटोत मला पहिलं अक्षर 'च' वाटतंय. मेलवर वाद घालू नकोस, मीही घालणार नाही. येत्या रविवारी अंधार पडायच्या आत देवळापाशी पोच. बॅटरी मी आणतो. गुरवाला आधी फोन कर, नाहीतर यात्रेआधी तो त्या दगडाला पुन्हा ऑईलपेंट फासेल.

तुझा,
काका