हिडिंकची नक्कल करण्याआधी तारखा हातात घ्या

तालीम संघाला फुटबॉल प्रशिक्षक हिडिंकचा ३-४-३ (तीन बचावाला, चार मधे, तीन पुढे) लावला, दोन आठवडे रोज शटल रन (दोन खुणांमधलं ये-जा पळणं) आणि तीन-तीन पोरांचे छोटे सामने, म्हणजे ३ वि. ३, खेळवले, आणि स्पर्धेआधीच तीन पोरांचे हॅमस्ट्रिंग, म्हणजे मांडीमागचे स्नायू, गेले, असं तुम्ही लिहिलंय. हे दुखणं चांगलंच ओळखीचं आहे. ३-४-३ ची मांडणी कुठेही मिळेल, ती सोडतो.

गुस हिडिंक म्हणजे नेदरलँड्सच्या डी ग्राफ्सखाप क्लबचा जुना मिडफिल्डर, प्रशिक्षक म्हणून तिथल्याच पीएसव्ही क्लबला १९८८ चा युरोपियन कप जिंकून देणारा. २००१ मध्ये तो दक्षिण कोरियाच्या संघाचा प्रशिक्षक म्हणून गेला तेव्हा तिथला समज असा, की आपली पोरं दमाची, तंत्रात कच्ची. त्याचं निदान नेमकं उलटं निघालं. मग संघ फ्रान्सकडून ०-५ हरला, चेककडूनही ०-५. तरी त्याला काढलं नाही, आणि २००२ च्या विश्वचषकाआधी तिथल्या क्लबांच्या लीगने खेळाडू लांबलचक शिबिरांसाठी मोकळे केले. नक्कल करणारे नेमकं हेच विसरतात.

२००२ च्या त्या संघाबरोबर फिटनेससाठी रेमंड व्हरहायेन होता. त्याच्या पद्धतीत सहा आठवड्यांचं चक्र असतं: आधी दोन आठवडे ११ वि. ११ ते ८ वि. ८, मग दोन आठवडे ७ वि. ७ ते ५ वि. ५, शेवटी ४ वि. ४ आणि ३ वि. ३. मोठ्या खेळात दम पटकन परत यायची सवय लागते. छोट्या खेळात मिनिटागणिक वेगाचे झटके आणि वळणं वाढतात. दमलेल्या पायांनी ती मारली की मांडीमागचा स्नायू फाटू शकतो. तुम्ही शेवटचं पान आधी उघडलंत. शटल रन ही दमाची मोजणी आहे, सराव नव्हे; ताज्या पायांवर, चक्राच्या सुरुवातीला आणि शेवटी घ्या.

दोनच आठवडे असतील तर फक्त मोठे खेळ घ्या, मधे भरपूर विश्रांती द्या, आणि सामन्याआधीचे तीन दिवस हलके ठेवा. ३ वि. ३ ला हातही लावू नका.

आता खरी डोकेदुखी. एका कार्यालयाने आम्हाला स्पर्धेची तारीख तोंडी दिली, ऐनवेळी अलीकडे ओढली, आणि चौथ्या आठवड्यातच चक्र मोडलं. विचारलं तर 'साहेब रजेवर'. तेव्हापासून मत पक्कं आहे: शिक्क्याचं पत्र मिळेपर्यंत सर्वांत लवकरची तारीख धरून उलटे आठवडे मोजायचे. फार शिष्टाचार पाळू नका, पोच घेऊनच उठा.

२००२ च्या विश्वचषकात इटलीविरुद्ध हिडिंकने केलेले खेळाडू-बदल बघून भुलू नका. ६३ व्या मिनिटापासून दोन बचावपटू आणि एक बचावात्मक मिडफिल्डर काढून त्याने तीन आक्रमक आणले; ८८ व्या मिनिटाला बरोबरी, ११७ व्याला गोल्डन गोल (जादा वेळेतला, सामना तिथेच संपवणारा). पायांत जोर उरला होता म्हणून ते जमलं. २००६ मध्ये हिडिंकच्याच ऑस्ट्रेलियाने जपानला ३-१ हरवलं, त्यातले तिन्ही गोल ८४ व्या मिनिटापासून पुढचे.

आणखी एक, फुकटातलं. कोरियात धाकटे थोरल्यांना मैदानावर हाक मारायला कचरत. हिडिंकने जेवणाची टेबलंही मिसळून टाकली. तुमच्याकडे 'दादा' म्हणेपर्यंत बॉल गेलेला असतो, तेव्हा मैदानावर नावानेच हाक.

मी फिजिओ नाही. त्या तिघांना आधी डॉक्टरांकडे न्या. परवानगी मिळाल्यावर सरळ रेषेत हळू पळणं, नंतर वळणं, स्प्रिंट सगळ्यात शेवटी.