कॉलेजात शिकवत राहून विकासजीवशास्त्रात, म्हणजे भ्रूण कसा घडतो याच्या अभ्यासात, खरं संशोधन होतं का, की एकच काहीतरी निवडावं लागतं?

होतं. शिकवण्यात संशोधन मरतं, हे मी नोकरीभर ऐकलंय, म्हणून तुमचा प्रश्न वाचून गप्प बसवेना.

पुणे विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागातल्या लीला मुल्हेरकर बघा. एडिनबरोला वॉडिंग्टन या भ्रूणशास्त्रज्ञांकडे त्यांनी कोंबडीच्या भ्रूणावर काम केलं. प्रिमिटिव्ह स्ट्रीक म्हणजे अगदी सुरुवातीच्या भ्रूणावर मधोमध उमटणारी रेघ. तिच्या बाजूच्या भागांतून होणाऱ्या इंडक्शनवरचा, म्हणजे एका भागाने शेजारच्या पेशींना काय बनायचं ते ठरवून देण्यावरचा, त्यांचा शोधनिबंध १९५८ चा. परत येऊन त्यांनी हा विषय इथल्या विद्यार्थ्यांना शिकवला. त्यांच्या बाबतीत शिकवणं कोणतं आणि संशोधन कोणतं, हे वेगळं काढून दाखवा मला!

आमच्या विभागप्रमुखांना हे कधीच पटलं नाही. "परीक्षेत पर्मनंट स्लाइड विचारतात, जिवंत अंडी कशाला?" म्हणून ते अंड्यांचं बिल अडवायचे. बाजारातली अंडी फलित नसतात, त्यामुळे मी हॅचरीतून आणायचे आणि आदल्या दिवशी इनक्युबेटरमध्ये ३८ अंशांवर ठेवायचे. साधारण दीड दिवसाच्या भ्रूणात हृदयाची नळी थरथरायला लागते. रक्ताभिसरण अजून सुरूही झालेलं नसतं. सूक्ष्मदर्शकाखाली ते पाहिल्यावर टीवायच्या एका मुलीने विचारलं, "मॅडम, हृदय दोन्ही बाजूंकडून येऊन मध्ये जुळतं म्हणता, पण जुळूच दिलं नाही तर?"

उत्तर पुस्तकात होतं. मी सांगितलं नाही. भ्रूण कवचाबाहेर वाढवायच्या, न्यू नावाच्या शास्त्रज्ञाच्या पद्धतीने पिवळ्या बलकावरचा पातळ पडदा भ्रूणासकट काढून वॉच ग्लासमध्ये काचेच्या कड्यावर ताणला, खाली पातळ अल्ब्युमिन (अंड्यातला पांढरा भाग) घातलं आणि दोन्ही बाजू जुळायच्या आतच मधोमध छेद घ्यायला तिलाच सांगितलं. सुरुवातीची भ्रूणं फाटली, काही वाळली. मग एका भ्रूणात दोन हृदयं, शेजारी शेजारी, दोन्ही आपापल्या तालात धडधडणारी! त्या मुलीने पुढे याच विषयात पीएचडी केली. माझं नंतरचं सगळं कामही तिच्या त्या प्रश्नातूनच निघालं. स्लाइडमधल्या रंगवलेल्या भ्रूणाकडे बघून असा प्रश्न कुणाला सुचला असता?

तेव्हा शिकवणं सोडू नका, प्रॅक्टिकल तर मुळीच नाही. हां, महागडी मॉलिक्युलर उपकरणं लागणारा विषय घेतलात तर साध्या कॉलेजात अडकाल. त्यासाठी एखाद्या संशोधन संस्थेतला सहकारी शोधा. तासिका तत्त्वावर असाल तर आधी नेट-सेट आणि पक्की नोकरी बघा, पोट मारून भ्रूणं वाढवता येत नाहीत. कोंबडी किंवा हायड्रासारखा (गोड्या पाण्यातला इवलासा जीव) स्वस्त प्राणी निवडा. आणि बिलावर सही हवी असेल तर अर्जात "संशोधन" लिहू नका, "प्रॅक्टिकलचं साहित्य" लिहा. ते खोटंही नाही.