दहावीच्या मुलांची फाइल जूनमध्येच उघडा

मॅडम, पहिल्यांदाच दहावीचा वर्ग घेताय, म्हणून सांगते. मुलांच्या प्रमाणपत्रांसाठी निरोप समारंभापर्यंत थांबू नका. खेळाडूंना आणि इंटरमीजिएट चित्रकला परीक्षेत श्रेणी मिळवणाऱ्यांना दहावीत वाढीव गुण मिळतात, पण प्रस्ताव शाळेनेच मुदतीत पाठवावा लागतो. माझ्या वर्गातल्या एका मुलीचं जिल्हास्तरीय खो-खोचं प्रमाणपत्र घरी पत्र्याच्या पेटीत होतं. पावसात पेटीत पाणी शिरलं आणि शिक्का पार पुसला. रडली हो पोर. तेव्हापासून मी झेरॉक्स जूनमध्येच घेते, नावाचं स्पेलिंगही शाळेच्या जनरल रजिस्टरशी, म्हणजे विद्यार्थ्यांच्या नोंदवहीशी, ताडून बघते. आणि आठवीत एनएमएमएस ही केंद्र सरकारची शिष्यवृत्ती लागलेल्यांचे वर्षाला 12000 रुपये बारावीपर्यंत चालू राहू शकतात, पण ठरलेले गुण लागतात आणि दरवर्षी नूतनीकरण करायचं असतं; हे पालकांना घरी जाऊन सांगा.