स्वयंपाकघरातला पाइप फुटून घरात पाणी भरलं. गृहविम्याचा क्लेम मिळतो का?

हो, पाइप अचानक फुटला असेल तर मिळतो. १ एप्रिल २०२१ पासून सर्व सर्वसाधारण विमा कंपन्या देत असलेल्या ‘भारत गृह रक्षा’ या प्रमाणित पॉलिसीत पाण्याची टाकी किंवा पाइप फुटणं, टाकी भरून वाहणं आणि पूर हे धोके स्पष्ट लिहिलेले आहेत. आधी मेन कॉक बंद करा आणि आजच कंपनीला कळवून क्लेम नंबर घ्या. क्लेम फॉर्म नुकसान लक्षात आल्यापासून ३० दिवसांत द्यायचा असतो. सर्व्हेअर (नुकसानीची पाहणी करणारा) येण्याआधी घर पुसून चकाचक करण्याची घाई कृपया करू नका! पाणी जरूर काढा, पण त्याआधी भिंतीवर पाणी किती चढलंय ते दिसेल असे फोटो काढा. फुगलेलं प्लायवुडचं कपाट, पाइपचा फुटका तुकडा आणि प्लंबरचं बिल जपून ठेवा. कारण ठरतं ते त्या तुकड्यावरूनच. मात्र महिनोनमहिने मुरणारी ओल, उडालेले पोपडे, जुनी गळती ही झीज समजली जाते, तिला भरपाई नाही. फर्निचर, फ्रिज यांचा विमा पॉलिसीत आहे का, तेही शेड्यूलमध्ये, म्हणजे पॉलिसीसोबतच्या तपशीलपत्रकात, पाहा.