लशीला तारीख घाल

सातारा, रविवार, रात्रीचे साडेदहा

प्रिय पोरी,

आज दुपारी तू येऊन गेलीस. चहा तसाच निवला. पर्समधला चार घड्या घातलेला कागद तू तीनदा काढलास आणि तीनदा परत ठेवलास. शेवटी मीच तो तुझ्या हातातून घेतला. सांगलीच्या डॉक्टरीणबाईंचं अक्षर स्वच्छ आहे: रुबेला (जर्मन गोवर) आयजीजी, म्हणजे रक्तातल्या प्रतिकारशक्तीची तपासणी, निगेटिव्ह, लस घ्यावी, त्यानंतर एक महिना दिवस राहू देऊ नयेत. तू विचारलंस, "काकू, घेऊ का नको?" आणि मी तोंड उघडायच्या आत तूच म्हणालीस, "बघू, या महिन्यात काय होतंय ते." तेवढ्यात सासूबाईंचा फोन आला आणि तू उठलीस. तुझं ते 'बघू' माझ्या कानातून जाईना, म्हणून लिहायला बसले.

सगळं छान होईल, देवावर भरवसा ठेव, हे मी लिहिणार नाही. ते तुला दिवसातून चारजण सांगतात. लस घ्यावी हे तुलाही पटलंय, नाहीतर तो कागद तू जपून आणला नसतास. तुझं अडलंय ते 'कधी' वर. तिथंच मला बोलायचंय. बघू म्हणू नकोस. तारीख घाल.

तुझ्या रक्तात रुबेलाची प्रतिकारशक्ती नाही, यात तुझं काही चुकलेलं नाही. तू १९९७ ची. तुझ्या लहानपणी सरकारी यादीत गोवराची लस होती, रुबेलाची नव्हती. दोन्हींची एकत्र लस देशात २०१७ च्या फेब्रुवारीत मोहीम काढून सुरू झाली, आपल्या महाराष्ट्रात २७ नोव्हेंबर २०१८ ला, आणि तीसुद्धा ९ महिने ते १५ वर्षांच्या मुलांसाठी. तुझ्या धाकट्या भावाच्या डाव्या अंगठ्याच्या नखाला लस घेतल्याची शाई लागली. तू तेव्हा एकवीस वर्षांची, कॉलेजात. तुझ्या वयाच्या किती पोरी अशा मधल्या फटीत राहिल्या असतील. त्या मोहिमेत मी नर्स म्हणून शाळाशाळांतून रांगा लावत होते. वर्ग सांभाळायला पंचविशीतल्या बाई उभ्या असायच्या, नव्यानंच लग्न झालेल्या. यांनाही ही लस हवी, असं मनात यायचं. पण मोहिमेचं वय पंधराला संपत होतं आणि मी गप्प बसायची. निदान "खासगीत विचारून घ्या" एवढं सांगता आलं असतं. ते मी सांगितलं नाही.

आता ते सांगते, जे मी तुझ्या काकांशिवाय कुणाला धड सांगितलेलं नाही.

१९९१ साल. जावळी तालुक्यात एका उपकेंद्रावर मी होते. एक पोरगी आली, विशीची, पहिलटकरीण, दुसरा महिना. अंगावर बारीक गुलाबी पुरळ, कानामागं गाठी, ताप म्हणावा तर नाही म्हणावा तर आहे. मी म्हटलं, उष्णतेचं दिसतंय, तीन दिवसांत जाईल. पॅरासिटामॉलच्या चार गोळ्या दिल्या. आणि खरंच तीन दिवसांत गेलं. ती मला सांगायला आली होती, बरं वाटतंय म्हणून, येताना परडीभर वालाच्या शेंगा घेऊन.

बाळ दीड महिन्याचं झालं तेव्हा ट्रिपलच्या (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) डोसासाठी तिनं आणलं. मांडीवर घेतलं तर दोन्ही बुबुळांच्या मधोमध पांढरं, तांदळाच्या कणीएवढं. मी नुसतं बघत राहिले. मग त्याच्या कानाजवळ टाळी वाजवली. बाळ दचकलं नाही. पुन्हा वाजवली, जोरात. पलीकडच्या बाकावरची दोन बाळं रडायला लागली, ते शांत पडून होतं. आई म्हणाली, "लई गुणाचं आहे बाई, कशालाच दचकत न्हाई."

ते काय होतं हे मला पुढं सत्तावीस वर्षांनी, २०१८ च्या मोहिमेच्या प्रशिक्षणात कळलं. प्रशिक्षण देणाऱ्या डॉक्टरांनी फोटो दाखवला आणि मी खुर्चीतून उठून बाहेर गेले. सिडनीतले डोळ्यांचे डॉक्टर नॉर्मन ग्रेग यांनी १९४१ मध्येच ताडलं होतं की तिथं मोतीबिंदू घेऊन जन्मलेल्या बऱ्याच बाळांच्या आयांना गरोदरपणाच्या सुरुवातीला रुबेला होऊन गेला होता. डोळे, कान, हृदय, तिन्हींवर घाला. आईला तीन दिवस बारीक पुरळ आणि बाळाला जन्मभराचं. सुरुवातीच्या महिन्यांत आईला लागण झाली तर दहांतल्या नऊ वेळा विषाणू गर्भापर्यंत पोचतो. आणि त्यातले पहिले पाच-सहा आठवडे तर पाळी चुकली की नुसती लांबली हेही बाईला धड कळलेलं नसतं. मी गोळ्या दिल्या तेव्हा या गोष्टीला पन्नास वर्षं होऊन गेली होती.

तू म्हणशील, काकू, तुम्हाला कसं माहीत असणार? मीही स्वतःला हेच सांगत आले. आमच्या रजिस्टरला रुबेलाचा रकाना नव्हता. पुरवठ्यात ती लस नव्हती. आणि तिला दिवस गेलेले असताना लस दिली तरी उपयोग नव्हता, गरोदरपणात ती देतच नाहीत. हे सगळं खरं आहे. एका उपकेंद्रावरच्या नर्सनं तेव्हा आणखी काय करायचं होतं, हे मला आजही कुणी सांगितलेलं नाही. तिला मी काही वाईट केलं नाही. पण त्या वालाच्या शेंगा मी घेतल्या होत्या.

दुसरी गोष्ट मात्र पूर्ण माझी आहे, तिथं रकान्याची सबब चालत नाही. २००३ मध्ये माझ्या धाकट्या बहिणीला, सांगलीला दिलेलीला, तिच्या डॉक्टरांनी हीच लस लिहून दिली होती. ती बालवाडीवर शिकवायची, दिवसभर पोरांत. तिनं मला फोन केला, कारण मी खात्यातली. मी म्हटलं, "आमच्या यादीत नाही ती. इतकी घाई कशाला? बघू पुढं." दोन महिन्यांत तिला दिवस राहिले. नवव्या आठवड्यात बालवाडीतल्या दोन पोरांच्या अंगावर पुरळ उठलं. मग रक्त तपासा, पंधरा दिवसांनी पुन्हा तपासा, सोनोग्राफी, पुन्हा सोनोग्राफी. सात महिने ती पोटावर हात ठेवून भिंतीकडं बघत बसायची. डोहाळजेवण केलं नाही, हिरवी साडी घेतली नाही. मुलगी चांगली झाली. आज इंजिनिअरिंगला आहे, कान शाबूत, डोळे शाबूत. तरी बहीण मला एकदा म्हणाली, "ताई, तू 'बघू' म्हणालीस ना." पुढं काही बोलली नाही. मुलगी धडधाकट निघाली म्हणून माझा सल्ला बरोबर ठरत नाही. तेव्हापासून माझ्या तोंडात तो शब्द नाही. घरात कुणी म्हणालं की मी लगेच विचारते, कधी बघू? वार सांग.

म्हणून तुला पुन्हा सांगते, तारीख घाल. सासूबाईंनी पालीच्या खंडोबाला जायची तारीख ठरवली, गाडी ठरवली, बरोबर कोण येणार तेही ठरलं. छान आहे, जा. मग लशीचीच तारीख तेवढी का मोकळी?

महिना वाया जाईल असं त्या म्हणतात. दोन वर्षं वाट बघणाऱ्या बाईला एक महिना म्हणजे काय, हे मला ठाऊक आहे. पाळी आल्यावर न्हाणीघरात किती रडतात हे मी तीस वर्षं बायकांच्या तोंडून ऐकलंय. पण तो महिना मोकळा नसतो गं. डॉक्टरीणबाईंना विचारून फोलिक ॲसिड सुरू कर. दिवसाला ४०० मायक्रोग्रॅम असतं, आणि ते दिवस राहण्याच्या निदान महिनाभर आधीपासून घ्यायचं असतं, बाळाच्या मणक्यासाठी. तुला कुणी सांगितलंय का ते? नाही ना. हिमोग्लोबिन बघ, थायरॉईड बघ. तो महिना यात जातो.

तुझ्या आईला मिरजेत कुणीतरी मोबाईलवर पाठवलंय की लशीनं गर्भाशय खराब होतं. असलं मी कोविडच्या वेळी इतकं ऐकलं की आता संताप येतो. २ जुलै २०२१ ला सरकारनं गरोदर बायकांना कोविडची लस खुली केली. मी तेव्हा निवृत्त झाले होते, तरी दारात पोरी यायच्या, हाच प्रश्न घेऊन. पाळी एखाददुसरा दिवस पुढंमागं झाली कुणाची, पुढच्या महिन्यात जागेवर आली. मूल होण्याशी त्याचा संबंध नाही. रुबेलाच्या लशीचाही नाही. आईला माझ्याशी बोलायला लाव, मी शांतपणं बोलेन.

तुला भीती आहे ती जिवंत लस या शब्दाची. बरोबर आहे, शब्दच तसा आहे. रुबेला आणि कांजिण्या यांच्या लशीत दुबळा करून ठेवलेला जिवंत विषाणू असतो. म्हणून त्या दिवस राहण्याच्या आधी घ्यायच्या आणि महिनाभर थांबायचं. धनुर्वात, कावीळ ब, फ्लूचं इंजेक्शन, कोविड यांत अंगात वाढणारा जिवंत जंतू नसतो, त्यासाठी चान्स थांबवावा लागत नाही. तुला लहानपणी कांजिण्या येऊन गेल्यात का, ते आईला विचार. नसतील आल्या तर तेही डॉक्टरीणबाईंना सांग, दोन्हींचा हिशेब एकदम बसेल. रुबेलाचा एक डोस पुरतो, शंभरातल्या पंच्याण्णवांहून जास्त जणांना त्यानं दीर्घकाळ संरक्षण मिळतं. हात दुखेल, बारीक ताप येईल, मोठ्या बायकांना काही दिवस सांधेही धरतात. ते जातं. लस घेतलीस म्हणून जावेच्या तान्ह्याला तुझ्यापासून काही होत नाही. आणि समज, थांबायचं ठरवूनही दिवस राहिलेच, तर घाबरून पाडायला धावू नकोस. अशा हजारो बायकांवर लक्ष ठेवून झालंय, तेवढ्या कारणासाठी गर्भपात करा असं कुणी सांगत नाही. डॉक्टरीणबाईंना कळवायचं, बस.

जावेच्या त्याच बाळाचं कार्डही काढून बघ. गोवर-रुबेलाचा पहिला डोस ९ महिने पुरे झाले की आणि दुसरा १६ ते २४ महिन्यांत. घरातलं पोर मोकळं राहिलं तर पुरळ घरात येतं ते त्याच्या अंगावरून.

तुझा नवरा म्हणतो, "तू ठरव." हे ऐकून मला त्याचा कान धरावासा वाटला. चांगला मुलगा आहे, लहानपणापासून बघतेय, पण अंग काढून घेणं म्हणजे बायकोचा मान राखणं नव्हे. त्याला कॅलेंडर घेऊन बसव. थांबायचं दोघांनी आहे, तर दिवसही दोघांनी मोजायचे.

आम्ही लसीकरणाच्या दिवशी पावडरची वायल, म्हणजे लशीची छोटी बाटली, फोडून पाणी घातलं की पहिलं काम काय करायचो माहीत आहे? वायलवर पेनानं वेळ लिहायचो. दहा वीस. चार तास झाले की उरलेली लस फेकून द्यायची, मग आत पाच डोस असोत की आठ. बायका हळहळायच्या, एवढी चांगली लस टाकता म्हणून. पण वेळ लिहिलेली असायची, त्यामुळं कुणाशी वाद घालायला लागायचा नाही. मला ते काम फार आवडायचं. इतक्या वर्षांत वेळ लिहायला मी एकदाही विसरले नाही. स्वतःच्या बहिणीला मात्र वार विचारला नाही.

तर हे कर. या वेळची पाळी आली, म्हणजे दिवस नाहीत हे पक्कं झालं, की त्याच आठवड्यात लस. पाळी चुकली तर आधी तपासणी, आणि मग लस बाळंतपण झाल्यावर, तीही दवाखान्यातून घरी यायच्या आधी. दोन्हीकडची तारीख तुझ्याकडं हवी. कॅलेंडरवर लशीच्या दिवसाला लाल गोल कर, तिथून अठ्ठावीस दिवस मोज आणि दुसरा गोल कर. कॅलेंडर स्वयंपाकघरात लाव, ओट्यासमोर, सासूबाईंना दिसेल असं. मी त्यांच्याशी बोलेन. त्या माझं ऐकतात. त्यांच्या दोन्ही पोरांना पोलिओ मीच पाजलाय.

पाळी आल्या दिवशी मला फोन कर, रात्र असली तरी. सांगलीला जायचं असेल तर सकाळची एसटी धरू, मी बरोबर येईन. आणि आईनं तुझं लहानपणीचं लसीचं कार्ड कुठं ट्रंकेत ठेवलं असेल तर शोधून आण. त्यावर कुणाचं अक्षर आहे ते मला बघायचंय.

तुझी,
काकू